बोहनीच्या आधीचं कापड

देवाचं बोलावणं आमच्या घरी आलं ते उन्हाळ्यात, सकाळी, ऐन दुकान उघडायच्या वेळेला. आणि आलं तेही अर्धवट. त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं काही कारण मला दिसत नाही.

समुद्रपूरला एसटी स्टँडपासून थोडं आत आमचं कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि घरात जायचा रस्ता दुकानातूनच. गादीवर सासरे बसायचे, त्यांना मी मामाजी म्हणायची. हातात लोखंडी गज घेऊन कापड मोजायचं काम पोरीच्या बाबांचं. पोरगी तेव्हा दुसरी-तिसरीत होती. गावात एसटीडीचं पिवळं बूथ नुकतं लागलं होतं आणि लोक उगीच कुणाकुणाला फोन लावून 'बाकी काय' एवढंच विचारत होते.

आमचं घर चालायचं ते लग्नाच्या बस्त्यांवर. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं यायची, चादरीवर मांडी घालून बसायची, आणि नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोपी-टॉवेलापर्यंत सगळं एका गठ्ठ्यात बांधून न्यायची. बस्ता शुभ हातानं बांधायचा असतो. पोरीच्या बाबांचा हात चांगला, असा तालुक्यात नावलौकिक होता. त्यांनी बांधलेला बस्ता घरात लक्ष्मी घेऊन जातो म्हणायचे लोक.

आता बोहनी. दिवसाची पहिली विक्री. मामाजींचे त्याबाबतचे नियम कडक होते. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, पहिल्याला उधार द्यायचं नाही, आणि मयताचं कापड बोहनीला द्यायचं नाही. मयताचा पांढरा मांजरपाट अगदी खालच्या फळीवर असायचा. सकाळी सकाळी कुणी तो मागितला, तर त्याला बसवायचं, दुसरं कुणी येऊन रुमाल का होईना घेऊन जाऊ दे, मग फाडून द्यायचा. ही रीत आमचीच नव्हे, सगळ्या बाजारपेठेची. माझ्या हिंगणघाटच्या माहेरीही हेच. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं, कारण पाऊस वरून खाली पडतो हे कुणाला खटकतं?

त्या दिवशी जंगलाकडच्या टोल्यावरचा, तिथल्या छोट्या वस्तीवरचा, एक गोंड माणूस आला. त्याची बायको पहाटे सरकारी दवाखान्यात वारली होती. त्यानं फळीकडे बोट दाखवलं. मामाजी म्हणाले, "बस जरा. बोहनी होऊ दे."

तो पायरीवर बसला. उन्हाळ्यात कापडाला गिऱ्हाईक कुठलं? रस्त्यावर कुत्रं नव्हतं. ऊन पायरीवर आलं, त्याच्या गुडघ्यांवर आलं, डोक्यावर आलं. मी त्याला पाणी नेऊन दिलं, तो ते प्यायला आणि त्यानं तांब्या पालथा घालून ठेवला. तो एकदाही 'द्या हो' म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मामाजी त्याच्यावर ओरडले असते आणि गोष्ट तिथंच संपली असती. पोरीचे बाबा गज हातात धरून त्याच्याकडे बघत उभे होते. शेवटी एक बाई परकराची नाडी घ्यायला आली. बोहनी झाली. कापड फाडलं. तो माणूस ते खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि हे तसेच वाकलेले थांबले. मग आत आले, खालच्या फळीवरचा मांजरपाटाचा ताका काढला, काखेत मारला आणि चपला घालायला लागले.

"कुठी चालले जी?"

"जा म्हणलं."

"कोणं?"

त्यांनी देवघराकडे पाहिलं. मी पण पाहिलं. तिथं नेहमीसारखी उदबत्तीची राख पडली होती.

"कुठी जा म्हणलं?"

"ते नाई सांगतलं."

हे आता मी शांतपणे लिहिते आहे, पण तेव्हा माझ्या हातातला पोळपाट मी आपटला होता. आमच्या दुकानात येणारं अडाणी गिऱ्हाईकसुद्धा रंग सांगतं, पन्हा सांगतं, किती मीटर ते सांगतं, आणि कशाला पाहिजे तेही न विचारता सांगतं. आणि हा जगाचा मालक! 'जा' एवढंच बोलला. ज्याला 'जा' म्हणता येतं, त्याला 'अमुक गावच्या अमुक घरी' म्हणायला काय जीभ जड झाली होती? मी त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "बाकीचं गेल्यावर दिसते."

"हो! विहिरीत पडल्यावर पानी दिसते तसं."

ते गेले. संध्याकाळी आले. काखेत ताका तसाच.

"कुठी गेलते?"

"फाट्यापर्यंत गेलतो. तिथून मांगं वापस."

"अन् काय झालं?"

"काईच नाई."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. भर उन्हात हा माणूस पांढऱ्या कापडाचा ताका घेऊन गावभर हिंडायचा आणि काही न होता घरी यायचा. स्टँडवरचा हॉटेलवाला विचारायचा, "शेठ, कापडाले हवा खाऊ घालून राह्यले काय?" पोट्टे मागे लागायचे. मामाजींनी निदान केलं की डोक्याला ऊन चढलं, आणि मला सांगितलं की रोज त्याच्या खिशात कांदा ठेव. मी ठेवायची. रागानं ठेवायची, पण ठेवायची. नवरा वेडा झाला तरी त्याला ऊन लागू द्यायचं नसतं.

यात सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? त्यांच्या चेहऱ्याची. घरात कालवा, बाजारात हसं, बाप बोलत नाही, बायको बोलते ते न बोललेलं बरं असं, आणि हा माणूस संध्याकाळी हातपाय धुवून गपगार जेवतो आणि पोरीला पाढे विचारतो. मी असते तर देवाला धरून हलवलं असतं. यांना काहीच विचारायचं नव्हतं. मांजरपाट काखेत होता, पाय चालत होते, पुरे.

मग कितीतरी दिवसांनी ते सरकारी दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली टेकले असताना समोरून एक म्हातारा बाहेर आला. मुलगा गेला होता त्याचा. गाव लांब, जवळ दुसरं कुणी नाही, आणि काय करायचं असतं ते सुचत नव्हतं. हे उठले. कापड फाडलं. कुणाकडून बांबू आणले, तिरडी बांधली, बैलगाडी ठरवली आणि गाडीसोबत त्याच्या गावापर्यंत पायी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले आणि मला सारं सांगितलं. मी म्हटलं, झालं ना? देवाचं काम झालं. आता गज हातात घ्या.

ते म्हणाले, "झालं असं नाई सांगतलं."

तिथून पुढे वर्षांमागून वर्षं हेच. दवाखान्यात मेलेला परगावचा माणूस, हायवेवर ट्रकखाली आलेला बेवारस, कापूस वेचायला आलेलं कुणाचं पोर. हे जायचे. नाव विचारायचे नाहीत, जात विचारायचे नाहीत. कुठं जायचं ते आदल्या दिवशी कधीच ठाऊक नसायचं.

आणि गाव! गावाबद्दल बोलायला लागले तर पान पुरायचं नाही. तोंडावर म्हणायचे, "लय पुण्याचं काम हाये, बाई." आणि बस्ता बांधायला हिंगणघाटला जायचे. ज्या हातानं तिरडी बांधतो त्या हातानं आमच्या पोरीचा शालू मोजायचा? नको रे बाबा. ज्यांच्या घरी मयत झाल्यावर हेच आधी धावून गेले, त्यांनीसुद्धा पोराच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडे बांधला नाही. निमंत्रण मात्र आलं. मी गेले नाही. पुण्याचं काम दुसऱ्यानं करावं आणि आपण लांबून हात जोडावेत, हा आमच्या गावाचा धर्म. देव बोलावतो एकाला आणि किंमत मोजतं अख्खं घर, हे त्या देवाला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी रोज सांगत होते. दिवा लावताना सांगत होते. तो ऐकत होता की नाही, कोण जाणे.

मामाजींनी यांना दुकानात हात लावायचा नाही असं बजावलं आणि गज माझ्या हातात दिला. पुढे मामाजी गेले, तेव्हापासून गादीवर मीच. बस्ते बंद झाले होते. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, नाड्या, रुमाल. त्यावर चाललं.

पण माझा खरा जीव अडकला होता तो पोरीत. पोरगी बारावी झाली, शिवणकाम शिकली, दिसायला नीटनेटकी, बोलायला गोड, माझ्यावर गेली नाही. स्थळं यायची. पोहे खायची. मग चौकशी करायची, आणि मग निरोप यायचा की पोराला एवढ्यात करायचं नाही. दोन महिन्यांनी त्याच पोराचं लग्न दुसरीकडे लागायचं. खरं कारण मला एका बाईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "पोरीच्या बापाच्या हाताले मुडद्याचा वास हाये म्हंते लोकं." मी त्या बाईला घराबाहेर काढलं. पण वाक्य काही घराबाहेर गेलं नाही.

पोरगी दर वेळी साडी नेसायची, ट्रे घेऊन यायची, आणि निरोप आला की साडी घडी करून ठेवायची. देवाला मी बजावून ठेवलं होतं: त्यांना बोलावलंस, त्यांनी ओ दिली, तो तुमचा दोघांचा मामला. माझ्या लेकीनं तुझं काय खाल्लं?

मग तळेगावचं स्थळ आलं. श्यामजी पंताचं तळेगाव. आमच्यासारखेच दुकानदार, किराण्याचे. मुलगा साधा, शांत. त्यांना यांच्या कामाबद्दल सगळं आधीच ठाऊक होतं, आणि तरी ते यायला तयार झाले. मुलाची आई फोनवर म्हणाली, "पुण्य हाये जी ते, आमाले काई नाई त्याचं." ऐकून मी फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून उभी राहिले.

पाहुणे येणार त्या दिवशी पहाटेच दवाखान्यातून यांच्यासाठी निरोप आला. मी दारात आडवी उभी राहिले.

"आज नाई. आज कोणी पन मरू दे."

"पाहुण्याईच्या अगुदर येतो."

"शपथ घ्या."

त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि गेले. पाहुणे आले तरी हे आले नाहीत.

पाहुणे दुकानातच बसवले होते, चादर अंथरून, कारण ऐसपैस जागा तीच. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. काकांच्या खिशातला मोबाईल सारखा वाजत होता आणि ते तो मोठ्या अभिमानानं बंद करत होते. पोरगी पोहे देऊन समोर बसली होती. मुलानं तिला काहीतरी विचारलं, ती हसली, तोही हसला. मी ते हसणं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आता जमतंय.

आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर विटांची लाल धूळ. गावाबाहेरच्या वीटभट्टीवरचा, परगावचा. हंगाम संपून बाकीचे मजूर आपापल्या गावी निघून गेले होते, याची बायको बाळंत झाली म्हणून हे कुटुंब मागे राहिलेलं.

"बाबाजी हाय का?"

"नाई घरी. काऊन?"

"माय मेली माही." तो थांबला. पाहुण्यांकडे पाहून त्यानं आवाज खाली केला. "कापड पायजे होतं. अन् तिले धुवायले बाई मानूस कोनी नाई. बायको बाळंतीन हाय."

मुलाच्या आईनं पोह्याची बशी खाली ठेवली आणि अगदी समजुतीनं, गोड आवाजात, मला म्हणाली, "त्याले म्हना, बस जरा भाऊ. बोहनी तं होऊ द्या अगुदर. आन् आजच्या दिवशी घरात शुभ काम हाये." ती वाईट बोलली नाही. व्यापाऱ्याच्या घरची कुठलीही बाई हेच बोलली असती. तो माणूस मुकाट्यानं पायरीवर बसायला वाकला.

इथं मला काही ऐकू आलं, असं कुणी समजू नये. कुणी 'जा' म्हटलं नाही, देवघरातून आवाज आला नाही, अंगावर काटा आला नाही. माझं डोकं फिरलं, एवढंच. मला मामाजींचा राग आला, त्या समजूतदार बाईचा राग आला, शपथ घेऊन न आलेल्या नवऱ्याचा राग आला, आणि ज्यानं साऱ्या वर्षातला हाच दिवस आणि हीच वेळ शोधून काढली त्याचा तर असा राग आला की समोर असता तर गजानं बदडला असता. आजच? आत्ताच? माझी पोरगी हसली त्या घटकेला?

"बसू नको," मी त्या माणसावर ओरडले. तो दचकला. मी खालच्या फळीवरून मांजरपाट काढला आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, बोहनीच्या आधी, टर्रकन फाडला. मुलाच्या आईनं कानावर हात ठेवले. मी चपला घातल्या.

"माय," पोरगी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबले असते.

जाताना रस्ताभर मी बडबडत होते आणि तो माणूस दोन पावलं पुढे, खाली मान घालून चालत होता. त्याला वाटलं असेल, ही त्यालाच शिव्या देते आहे. भट्टी कुठे ते मला धड ठाऊक नव्हतं. मयताला कधी हात लावला नव्हता. सासूच्या वेळी मी लहान सून होते, मला मागे उभं केलं होतं. काय आधी करायचं, पाणी कोमट लागतं की थंड, अंगावरचं लुगडं कसं काढायचं, काही म्हणजे काही माहिती नव्हतं.

झोपडीत बाळंतीण एका कोपऱ्यात पोराला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. बुढी जमिनीवर निजलेली. इतकी लहान झालेली की आधी मला वाटलं, तिथं नुसतं लुगडंच पडलं आहे. केसांत विटांची माती. मी त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं, दाराला पोतं लावलं, आणि खाली बसले. हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. एका हातानं तिला उचलून धरायचं आणि दुसऱ्यानं पाणी घालायचं, हे एकटीला जमेना. मान लटकत होती. पाणी सगळं माझ्याच पदरात जात होतं. मी रडत नव्हते, दात आवळून बसले होते.

तेवढ्यात पोतं बाजूला झालं. पोरगी आत आली. अंगावर तीच साडी, नेसलेली पाहुण्यांसाठी, काठापदराची. कपाळावर घाम. धावत आली असावी.

"तू काऊन आली? पाहुने कुठी हायेत?"

"गेले."

"काय म्हनले?"

"काई नाई म्हनले. उठले अन् गेले."

"त्यानं? पोरानं काय म्हनलं?"

तिनं साडीचे काठ वर खोचले, ओचा घट्ट केला आणि बादलीजवळ उकिडवी बसली. हाताला पाणी लावून पाहिलं. मग माझ्या हाताखाली हात घालून तिनं बुढीची मान सावरून धरली, आणि दुसऱ्या हातानं तांब्या भरला.

"तू धू, माय," ती म्हणाली. "मी ओततो पानी."

मी त्या म्हातारीचे केस धुवायला घेतले. माती सुटत होती, लाल पाणी जमिनीवरून वाहत होतं, आणि मी देवाला शिव्या देत होते, मोठ्यानं, तोंडाला येतील त्या, आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या त्या. बाळंतीण वळून बघायला लागली. पोरीनं मला गप्प केलं नाही. ती पाणी ओतत राहिली, आणि तिच्या नव्या साडीला खालून लाल पाणी चढत होतं.